केरबातात्यांचं उभं राहणं

१

दोह्यातल्या मुऐदर भागातल्या त्या व्हिल्यात पहिल्या मजल्यावरच्या खोलीत चौघे राहत, पण खिडकी चेतनच्या वाट्याला आली होती. तीही केरबातात्यांमुळे. चेतन नवा आला तेव्हा तात्यांनी खिडकीखालचा आपला पलंग त्याला दिला आणि स्वतः दारामागच्या, एसीचा वारा न पोचणाऱ्या पलंगावर गेले. दोघे एकाच तालुक्यातले, खटावकडचे. तेवढं नातं तात्यांना पुरेसं होतं. तात्या शटरिंगचे सुतार, आणि चेतन त्याच कंपनीच्या ऑफिसात दिवसभर एसीच्या डक्टची ड्रॉइंगं काढणारा ड्राफ्ट्समन.

डक्ट काढायला आपण जन्माला आलेलो नाही, हे चेतनने केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याला गेममधली माणसं हलवायची होती. ऑनलाइन कोर्स करून तो ॲनिमेशन शिकला. सुट्टीच्या दिवशी बाकीचे कपडे धुवायचे, पत्ते कुटायचे, तेव्हा तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. त्याने स्वतःची वेबसाइट उभी केली, तिच्यावर आपल्या कामाचे नमुने जोडलेली शोरील चढवली. रीलमध्ये तलवारी होत्या, कोलांट्या होत्या, छपरांवरून उड्या होत्या. दिसेल त्या स्टुडिओला त्याने ती पाठवली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं, त्यांनी न दिलेलं बरं होतं.

फक्त व्हॅलेरीने ती नीट बघितली. व्हॅलेरी मूळ वसईच्या घरातली, पण दोह्यात वाढलेली. लुसैलमधल्या एका लहानशा गेम स्टुडिओत ॲनिमेशनची प्रमुख होती. मराठी तिला सगळी समजे, बोलायची मात्र इंग्रजीतच. तिने कळवलं ते असं, की तुझी माणसं लढतात, पडतात, उडतात, पण त्यातल्या एकालाही धड उभं राहता येत नाही. मला नुसता उभा असलेला एक माणूस करून दाखव.

गेमच्या धंद्यात याला आयडल म्हणतात. खेळणाऱ्याने बटण सोडलं, तरी पडद्यावरचं माणूस पुतळा होत नाही. ते श्वास घेतं, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकतं, इकडेतिकडे बघतं, आणि पुन्हा कोणी हलवेपर्यंत तेच तेच फिरून फिरून करत राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतन चहाचा कप घेऊन खिडकीशी आला. खाली कोपऱ्यावर तात्या बांधकामावर नेणाऱ्या बसची वाट बघत उभे होते. रोजच असत. चेतनची गाडी नंतर येई, त्यामुळे रोज हे त्याच्या डोळ्यांपुढे घडत होतं आणि त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. खिडकी सरकती होती, दोन काचांची, मधोमध ॲल्युमिनियमची जाड पट्टी. त्याने मोबाइल डाव्या काचेला टेकवला, पट्टी चित्राच्या उजव्या कडेला येईल असा सरकवला आणि शूटिंग सुरू केलं. तात्यांना विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. उभ्या माणसाला विचारायचं तरी काय?

२

पडद्यावरचं त्याचं माणूस राखाडी होतं, टकलं, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी असलेलं. त्याच्या हातात त्याने एक पिशवी दिली आणि तात्यांचं एकेक उतरवून घेतलं. डब्याची पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेणं. बुटाची टाच फुटपाथच्या कडेला आपटून वाळू झाडणं. मनगटाने मान पुसणं. रस्त्याच्या टोकाकडे बघणं, आणि बस नाही हे कळल्यावर खांदे किंचित खाली येणं. ते खांदे जमले तेव्हा चेतनच्या अंगावर काटा आला. इतकं खरं त्याने आजवर काही केलं नव्हतं.

तरी कुठेतरी कमी वाटत होतं. माणूस वाट बघत होता, पण एकटा वाटत नव्हता. मग चेतनने एक गोष्ट आपल्या मनाची घातली. पिशवी बदलून झाली की माणूस डाव्या खांद्यावरून मागे वळून वर बघतो, कोणी हाक मारल्यासारखा. हनुवटी जरा जास्तच वर जाते, परत जागेवर येते, मग मान पुन्हा समोर. वर कोणी नसतं. बस एवढंच. त्याने शेवट सुरुवातीला जोडला, चक्र पूर्ण केलं आणि रीलच्या अगदी पहिल्या जागी चढवलं.

व्हॅलेरीचं उत्तर लगेच आलं. हे तूच केलंस का, असं तिने विचारलं होतं.

पुढच्या सकाळी तो खिडकीशी उभा राहिला तो नुसता खुशीत. खाली तात्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली. मग डाव्या खांद्यावरून मागे वळून त्यांनी वर बघितलं.

चेतनने हात हलवला. तात्यांनी ओळख दिली नाही. त्यांची नजर खिडकीच्या उंचीवर होती, पण खिडकीत नव्हती. हनुवटी जरा जास्त वर गेली, परत जागेवर आली, आणि मान समोर फिरली.

३

माणसाचं डोकं अशा वेळी स्वतःला समजवायला तयारच असतं. तात्यांची ती जुनीच सवय असेल, आपण रोज बघून विसरलो असू आणि तीच आपण मनातली समजून घातली असेल. चेतनने मोबाइलवरचं शूटिंग काढून पुन्हा पुन्हा बघितलं. त्यात तात्या एकदाही वळत नव्हते. म्हणून काय झालं, त्या दिवशी नसतील वळले.

खोलीत तात्या नेहमीसारखेच होते. शुक्रवारी त्यांनी सगळ्यांसाठी मटण केलं, चेतनच्या ताटात नळी वाढली. सकाळी खिडकीकडे काय बघत असता, असं चेतनने सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते हसले. वर बघायला मला वेळ कुठं असतो, म्हणाले.

जेवणानंतर त्यांनी पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. तानूबाई अंगणात बसून बोलत होत्या. शेळी व्यायली होती, तिचं सांगणं चाललं होतं. मध्येच त्या थांबल्या.

"अवं, सारखं मागं वळून वर काय बगताय? भिताडावर कोन हाय?"

"कुटं काय बगतोय? तुज्याकडंच बगतोय की," तात्या म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांनी डाव्या खांद्यावरून मागे वर बघितलं. मागे भिंत होती, तिच्यावर एसीच्या पाण्याचा पिवळा ओघळ होता.

चेतन पलंगावर बसून हे ऐकत होता. एसीचा कॉम्प्रेसर घरघरत थांबला आणि खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की तात्यांच्या टाचेचा फरशीवर झालेला आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. ते बसलेले होते. वाळू झाडण्यासारखं तिथे काही नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी बस आली आणि तात्या चढले नाहीत. बसचा ड्रायव्हर अश्फाक, हिंदीत थट्टा करणारा गडी. त्याने हॉर्न वाजवला, मग खाली उतरून त्यांना खांद्याला धरून आत नेलं. चेतन वरून बघत होता. अश्फाकचा हात खांद्यावर असतानाही तात्यांनी मनगटाने मान पुसली, रस्त्याच्या टोकाकडे बघितलं आणि त्यांचे खांदे खाली आले. बस त्यांच्या समोर उभी होती. पुढे कोणती हालचाल येणार, ते चेतनला ती येण्याआधीच ठाऊक होतं.

४

शेवटी त्याने खात्री करून घ्यायची ठरवली. खात्री करण्यात काही वाईट नाही, उलट मनातली भीती तरी जाईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. तात्यांना इजा होणार नाही असं काहीतरी त्याने शोधलं. राखाडी माणूस शर्टाचं गळ्याचं बटण चिमटीत धरून नीट करतो, एवढंच त्याने चक्रात घातलं आणि वेबसाइटवरची जुनी फीत काढून नवी चढवली.

तात्या गोल गळ्याचा कंपनीचा टी-शर्ट घालत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर त्यांनी गळ्यापाशी हात नेला आणि हवेतलं बटण चिमटीत धरून नीट केलं.

चेतन ऑफिसला गेला नाही. त्याने लॅपटॉप उघडला आणि सगळं पुसून टाकायचं ठरवलं. आधी एका प्रतीवर करून बघावं म्हणून त्याने माणसाच्या सगळ्या हालचाली निवडल्या आणि काढून टाकल्या. त्याबरोबर राखाडी माणूस ताडकन ताठ झाला आणि दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला, श्वास नसलेला. यात नवल काही नव्हतं. हालचाली काढल्या की ही मॉडेलं अशीच उभी राहतात, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. पण आज त्याला त्या जागी कोपऱ्यावरचे तात्या दिसले. त्याने घाईघाईने ते मागे फिरवलं आणि माणूस पुन्हा श्वास घेऊ लागला, तेव्हा त्याचाही श्वास सुटला.

निदान वेबसाइट तरी बंद करावी. त्याचं बोट बटणावर होतं, तेवढ्यात व्हॅलेरीचा मेल आला. जेवणाच्या सुट्टीभर सगळी टीम तुझ्या म्हाताऱ्याकडे बघत बसली होती, तिने लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात भेटायला ये. साइट चालू ठेव, मालकांनाही दाखवायची आहे.

आठवडाभराचा तर प्रश्न आहे, चेतनला वाटलं. इतके दिवस उभे राहिलेच आहेत, आणखी एक आठवडा. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो परतवला नाही.

त्या आठवड्यात तात्यांना कामावर घेणं बंद झालं. दवाखान्यात रक्तदाब तपासला, तो चांगला होता. ऊन लागलं असेल, घरी पाठवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कंपनीने शनिवारचं तिकीट काढलं. तोपर्यंत तात्या खोलीतच होते, दारामागे उभे. भरवलं तर खात, आडवं केलं तर थोडा वेळ पडत, मग उठून उभे राहत. बोलणं बंद झालं होतं. बाकीचे दोघे आधी हसले, मग हसायचे थांबले, मग रात्री दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ लागले. दाराशी टाच वाजायची. पिशवी त्यांच्याकडून काढून घेतली होती, तरी ती या हातातून त्या हातात जात राहिली.

५

लुसैलमध्ये स्टुडिओची काच एवढी स्वच्छ होती, की बाहेरची ट्राम खोलीतून गेल्यासारखी वाटायची. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर राखाडी माणूस उभा होता. मालक बघून, मान डोलावून गेले होते. व्हॅलेरी मात्र अजून बघत होती.

"हू इज ही?" तिने विचारलं.

"कोणी नाही," चेतन म्हणाला. "मनातून काढलाय."

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तो विषय सोडला. नोकरी जवळजवळ तुझीच आहे, पण एक चाचणी आहे, असं तिने सांगितलं. गेममध्ये खेळणारा आला की या म्हाताऱ्याने जागा सोडायची आहे. याला इथून जायला लाव.

परतीच्या वाटेवर चेतनला रडू येईल की काय असं वाटलं. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? पुसायचं नाही, थांबवायचं नाही, फक्त चक्र सोडवायचं आणि माणसाला जाऊ द्यायचं. नोकरीही मिळेल आणि तात्याही सुटतील. दोन्ही एकदम मिळतंय, यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही.

हे काम त्याने जीव ओतून केलं. माणूस उभा आहे, खांदे खाली आलेत. मग काहीतरी ठरवल्यासारखा तो पाठ ताठ करतो, पिशवी उचलतो आणि उजवीकडे चालू लागतो. चाल त्याने मुद्दाम हलकी ठेवली, कामावरून सुटलेल्या माणसाची, घरी निघालेल्याची. माणूस चित्राच्या उजव्या कडेतून बाहेर जातो, आणि संपतं.

शुक्रवारी दुपारी, बाकीचे जुम्म्याच्या सुट्टीत बाजारात गेले असताना, त्याने ते साइटवर चढवलं.

दारामागे टाच वाजायची थांबली. तात्यांनी पाठ ताठ केली. खुंटीला लावलेली आपली पिशवी त्यांनी काढून घेतली आणि दार उघडून ते बाहेर पडले. "तात्या," चेतनने हाक मारली. ते जिना उतरत होते, तरण्या माणसासारखे. चेतन खिडकीकडे धावला.

ते कोपऱ्यावर आले आणि भिंतीच्या कडेने उजवीकडे चालू लागले. ऊन कडक होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांची सावली पायाखाली गोळा झाली होती. डाव्या काचेतून ते चालत पट्टीपर्यंत पोचले. त्यांचा पुढचा पाय पट्टीमागे गेला, मग खांदा, मग पिशवी. मागचा पाय अजून डाव्या काचेत होता, टाच उचललेली. चेतनने उजव्या काचेत बघितलं. तिथे भिंत होती, ऊन होतं, कचऱ्याच्या डब्यावर बसलेलं मांजर होतं. पाय नव्हता, खांदा नव्हता. त्याने परत डावीकडे बघितलं, तेव्हा उरलेली टाचही पट्टीमागे सरकून गेली.

उजव्या काचेतून कोणी आलं नाही.

तो अनवाणीच खाली धावला. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना व्हिल्यांच्या उंच कोऱ्या भिंती, मध्ये वळायला गल्ली नाही. फुटपाथ इतका तापला होता, की त्याला एका जागी उभं राहवेना. चित्राची कड जिथे येत होती, त्या जागेपर्यंत तो गेला. त्याच्या पुढे पाऊल टाकायला मात्र त्याचा धीर झाला नाही.

६

माणूस हरवला की त्याचं काहीतरी नाव ठेवावं लागतं. कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या मंदूबने चार दिवस वाट बघितली आणि केरबातात्या फरार झाल्याचं कळवून टाकलं. तिकीट वाया गेलं म्हणून तो चिडलेला होता. शेवटचं कोणी पाहिलं, असं विचारल्यावर चेतनने सांगितलं की ते चालत गेले. ते खरंच होतं.

व्हॅलेरीला ते जाणं फार आवडलं. चेतन स्टुडिओत लागला, लुसैलला राहायला गेला. काम चांगलं होतं. तो तलवारी आणि कोलांट्या करायचा, आणि उभं राहणाऱ्या माणसांचं काम आलं, की दुसऱ्या कोणाकडे सरकवायचा.

हिवाळा लागला तेव्हा एका दुपारी तानूबाईंचा फोन आला. कोणाकडून तरी नंबर मिळवला होता. त्या रडत नव्हत्या. गावात लोक काय काय बोलतात ते त्यांनी सांगितलं. तिकडं दुसरं घर केलं असेल, असं भावकीच म्हणत होती.

"तू शेवटचा बगितलास न्हवं त्यास्नी? कसं चालत हुते?"

"चांगले चालत होते, काकू. हलके."



"हलकं कशापाई चालतील? उजवा गुडगा दुखायचा त्यांचा. जिना चढवायचा न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तिकडचा एकादा फोटू तरी हाय का तुज्याकडं?"

कोपऱ्यावरचं ते शूटिंग चेतनकडे होतं. पण ते पाठवायचं तर ते कधी काढलं, कशाला काढलं, सगळं आलं. त्याने त्याऐवजी साइटची लिंक पाठवली. एक चित्र केलंय तात्यांसारखं, म्हणाला. पुतण्याने ती उघडून दिली असावी. राखाडी, टकल्या, डोळे नसलेल्या त्या माणसाकडे तानूबाई बघत राहिल्या असाव्यात, कारण बराच वेळ फोनवर फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता.

"हेच की," त्या म्हणाल्या. "ह्ये तू काढलंस, चेतन?"

"हो."

"मंग परत येतानाचं काढ."

फोन कानाशी धरूनच त्याने दुसऱ्या हाताने ती फाइल उघडली. खरं तर चित्राच्या कडेबाहेर एका पावलावर माणूस थांबलेला असायला हवा होता. त्याच्यापुढे चेतनने काही केलंच नव्हतं. माणूस तिथे नव्हता. त्याने कॅमेरा मागे घेतला. राखाडी जमीन, तिच्यावरच्या आखीव चौकटी, बाकी काही नाही. त्याने अजून मागे घेतला, अजून मागे, आणि चौकटींच्या बारीक जाळ्यात त्याला एक ठिपका सापडला. तो हलत होता.

त्याने तो थोडा जवळ आणला. फार जवळ आणण्याची त्याला छाती झाली नाही. पाठमोरा माणूस चालत होता, हातात पिशवी होती. चेतनने दिलेली हलकी चाल आता उरली नव्हती. दर पावलाला तो उजव्या गुडघ्यावर कलत होता.

त्याला वळवता आलं असतं. त्याला फक्त वळवायचं होतं, आणि मग तेवढं सगळं अंतर, त्या गुडघ्यावर, चेहरा इकडे करून चालत आणायचं होतं. चेतनचा हात माउसवर होता. डोळ्यांच्या जागी त्याने नुसत्या खोबणी ठेवल्या होत्या, हे त्याला आठवलं. तिकडे गेल्यावर त्यात काय आलं असेल, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"बघतो, काकू," तो म्हणाला.

"बग," तानूबाई म्हणाल्या. "मी हाय फोनवर."